घळीत शपथेवर दिलेला टोप

मित्रांनो, चकचकीत नव्या भांड्यांची गोष्ट तुम्हाला कुणीही सांगेल. मी मात्र एक जुना टोप आहे. तांब्याचा, पोटाने मोठा, बुडाने काळा. माझ्या दोन कानांत दोन कड्या आहेत. डावी जराशी ढिली आहे, म्हणून मला उचललं की मी आधी किणकिणतो आणि मग उठतो. म्हाताऱ्या माणसाचे गुडघे आधी बोलतात आणि मग माणूस उठतो, तसंच ते.

ओमानच्या डोंगरांत निझवा नावाचं गाव आहे. तिथल्या बाजारात, किल्ल्याच्या सावलीतल्या एका बोळात माझा जन्म झाला. मुहन्ना नावाच्या तांबटाने मला घडवलं. तो माणूस फार कमी बोलायचा. जे काही बोलायचं ते त्याचा हातोडा बोलायचा. मी आधी नुसता पत्रा होतो. सपाट, ना आत ना बाहेर. मुहन्नाने ठोकून ठोकून मला पोट दिलं. आणि ज्याला पोट मिळालं त्याला ते भरायची काळजीही मिळाली, हे मी पहिल्याच दिवशी शिकलो.

मग कल्हईवाला आला. चांगला गलेलठ्ठ गडी. त्याने माझ्यात वाळू टाकली, चपला काढल्या, माझ्या पोटात उभा राहिला आणि भिंतीला धरून कंबर हलवत असा काही गरागरा नाचला की सांगता सोय नाही! भांड्यांनाही गुदगुल्या होतात, हे माणसांना अजून ठाऊक नाही. मी इतका हसलो की शेजारच्या दुकानातल्या पराती झणझणल्या. मग विस्तव झाला, नवसागराचा धूर झाला, कथिलाचा हात फिरला आणि माझ्या आत एकदम चांदणं पडलं. बाहेरून तांबडी संध्याकाळ, आतून पुनव. असा मी दुकानाच्या पायरीवर मांडला गेलो.

मला जिने घरी नेलं ती झुवैनाची आई. भाताला पाणी किती लागतं हे त्या माउलीने कधी मापलं नाही. ती कान लावायची. पाणी तापू लागलं की मी गुणगुणतो. आधी बारीक, डासासारखा. मग जाड, भुंग्यासारखा. "भुंगा आला," असं म्हणत ती तांदूळ सोडायची. छोटी झुवैना तिच्या मांडीला टेकून ऐकायची. पुढे झुवैना लग्न होऊन खल्फानच्या घरी आली, तेव्हा मीही तिच्याबरोबर आलो. आणखी काही वर्षांनी तिची आई गेली. आई गेली, पण भुंगा राहिला. झुवैना माझ्याजवळ कान आणते तेव्हा ती नुसती उकळी ऐकत नाही, हे मला कळतं. दुसऱ्या कुणाला कळत नाही. कारण ती कधी बोलली नाही.

आणि मित्रांनो, इतकी वर्षं राबूनही मला त्या घरात कुणी चांगलं म्हटलं नाही. पण रागावू नका, तशी रीतच आहे. आपल्या वस्तूला आपणच चांगलं म्हटलं तर दृष्ट लागते. खल्फानने नवी गाडी आणली तेव्हा शेजाऱ्यांना दाखवताना तो म्हणाला, "भंगार आहे हो, ढकलतो कशीबशी." झुवैनाच्या हातचा भात तो तीनतीनदा वाढून घ्यायचा, बोटं चाटायचा आणि मुक्यानेच हात धुवायला उठायचा. माझ्या बुडाची काजळीसुद्धा मुद्दाम घासत नसत. काळ्याला कोण दृष्ट लावणार?

दुसऱ्याच्या वस्तूचं मात्र तोंड भरून कौतुक करायचं. मग तो म्हणणार, "आवडली? तुमचीच आहे!" आपण म्हणायचं, "छे छे, तुम्हालाच लखलाभ." तो पुन्हा म्हणणार, आपण पुन्हा नाही म्हणणार, आणि वस्तू होती तिथेच राहणार. किती गोड रीत! फक्त तिच्यात शपथ घालायची नसते.

पुढे घरात कुकर आला, स्टीलची भांडी आली. माझी जागा माळ्यावर गेली. माझ्या पोटात लसूण आणि शेखाची मोडकी खेळणी पडली. शेखा ही खल्फान-झुवैनाची एकुलती एक लेक, आठ वर्षांची. तिच्या जिभेला लगाम नाही. वर्षातून दोनदा, दोन्ही ईदांना, मला खाली उतरवायचे. त्या दोन दिवसांच्या आशेवर मी बाकीचं वर्ष काढायचो.

तर ही गोष्ट अशाच एका ईदच्या तिसऱ्या दिवसाची.

सकाळी खल्फानने फर्मान काढलं, "चला, घळ बघायला जाऊ. भात तिथेच शिजवू." पुढे दोघं आणि त्यांच्यामध्ये शेखा, मागच्या हौद्यात मी, तांदूळ, मांस, सुकी लिंबं, चटया आणि लाकडं. गावातल्या खजुरांच्या बागा संपल्या आणि नुसती खडी सुरू झाली. खडी, बाभळी आणि बाभळींवर चढलेल्या बकऱ्या. वाटेत गाडी दोनदा रुतली. दोन्ही वेळा खल्फान म्हणाला, "रुतली नाही, जरा टेकलीय." दोन्ही वेळा झुवैना खाली उतरली आणि तिने ढकलली.

मग घळ आली. बाहेरून बघाल तर डोंगराला नुसती चीर पडल्यासारखी. आत शिराल तर ऊन वरच्या वर थांबतं आणि खाली गार, गुलाबी सावली वाहते. वर आभाळाची एक निळी फीत. पाण्याने हजार वर्षं हात फिरवून भिंती अशा गुळगुळीत केल्या आहेत की मुहन्नाने त्या पाहिल्या असत्या तर हातोडा खाली ठेवला असता.

माझ्या कड्यांतून काठी ओवली होती. पुढचं टोक खल्फानच्या खांद्यावर, मागचं झुवैनाच्या.

"जरा हळू चला की," झुवैना म्हणाली.

"मी हळूच चाललोय. टोपालाच घाई आहे."

"टोपाला पाय नाहीत, शेखाचे बाबा."

"म्हणून तर माझे वापरतोय."

पुढे घळ अरुंद होत गेली. दोन भिंती एकमेकींच्या कानात काहीतरी सांगायला वाकाव्यात, इतक्या जवळ आल्या. खल्फानने अंग चोरलं आणि तो पलीकडे गेला. काठीही गेली. मी मात्र गेलो नाही. माझं पोट दोन भिंतींत गच्च बसलं.

खल्फानने ओढलं, झुवैनाने ढकललं. मी हललो नाही. मित्रांनो, माझा नाइलाज होता. मला पोट दिलं ते भात शिजवायला, घळीला बूच मारायला नाही.

"बाबा पलीकडे, आम्ही अलीकडे," शेखाने जाहीर केलं. "खजूर आणि कॉफी बाबांकडे."

"आणि तांदूळ-मांस आपल्याकडे," झुवैना म्हणाली. "झाली वाटणी. तुम्ही तिकडे संसार करा, आम्ही इकडे करतो."

"अगं थट्टा कसली करतेस! मी पुढून धक्का मारतो."

"पुढून माराल तर तो माझ्या अंगावर येईल!"

तेवढ्यात खल्फानच्या पाठीमागून दोन धिप्पाड तरुण आले. घळीच्या आतल्या मोकळ्या जागेत त्यांचं कुटुंब आधीच येऊन बसलं होतं आणि आमचा आरडाओरडा तिथवर पोचला होता. दोघांनी झगे कमरेला खोचले, माझा एकेक कान धरला, मला जरा तिरका केला आणि "या अल्ला!" म्हणून असा हिसडा दिला की मी बंदुकीच्या गोळीसारखा सुटलो. माझ्या उजव्या कुशीला पोचा आला. माझ्यामागून झुवैना आणि शेखाही धडपडत बाहेर पडल्या. खल्फानला इतकं भरून आलं की तो त्या दोघांचे हात सोडायचं नावच घेईना.

घळ तिथे अंगणाएवढी रुंद झाली होती. मधोमध हिरव्या पाण्याचं तळं. काठावर चटई टाकून त्या तरुणांचे आईबाप बसले होते. बापाचं नाव हमूद. पांढरी दाढी, हातात काठी, बोलणं अदबीचं. आई मौझा, जाडजूड, हसरी, आणि आवाज असा की भिंतीसुद्धा दोनदा म्हणून दाखवत.

"काय खबर?" हमूदने रीतीप्रमाणे विचारलं.

"काही खबर नाही. सगळं क्षेम," खल्फान म्हणाला. गाडी दोनदा रुतली, टोप अडकला, संसाराचे दोन तुकडे झाले. तरी काही खबर नाही. "तुमच्याकडे काय खबर?"

"आमच्याकडेही काही नाही. सगळं क्षेम."

"यांची चप्पल तळ्यात बुडाली," मौझाने मागून सांगितलं, "तेवढं सोडून."

खल्फानने त्या सगळ्यांना जेवायचा आग्रह केला. चूल मांडली, मला वर चढवलं. झुवैनाने कान लावला. मी आधी डास झालो, मग भुंगा. तिने डोळे मिटून तांदूळ सोडले. सुक्या लिंबांचा आंबूस वास घळभर फिरला आणि वर बाभळीवरच्या बकऱ्या खाली डोकावू लागल्या.

पुरुष एका परातीभोवती बसले, बायका दुसरीभोवती. मध्ये दोन चटयांचं अंतर. सगळे जेवले. असे जेवले की बराच वेळ नुसती बोटांची चाहूल होती. हमूदचं पोट भरलं, मन भरलं. आता काहीतरी चांगलं बोलायला हवं होतं. पण परक्या बाईच्या हातच्या चवीचं तिच्या नवऱ्यासमोर कौतुक कसं करायचं? बिचारा अदबीचा माणूस. त्याने इकडेतिकडे पाहिलं. त्याची नजर माझ्यावर पडली.

"वा!" हमूद म्हणाला. "काय टोप आहे हो तुमचा! माशाल्ला! अशी घडण आता बघायला मिळत नाही."

मित्रांनो, माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक. मी तर चुलीवरच मोहरलो.

"आवडला? तुमचाच आहे!" खल्फान म्हणाला.

"छे छे, तुम्हालाच लखलाभ."

"असं कसं? तुमचाच."

"नको हो, खरंच नको."

इथे थांबायचं होतं. रीत इथेच थांबते. पण खल्फानच्या डोळ्यांसमोर ते दोन धिप्पाड तरुण आले, माझे धरलेले कान आले, उपकार आले. त्याची छाती फुगली. उजवा हात वर गेला.

"अल्लाची शपथ!" खल्फान म्हणाला. "हा टोप तुमच्याच गाडीतून जाईल!"

झुवैनाच्या हातातला घास हातातच राहिला.

"पण टोप तर आईचा आहे ना?" शेखाने विचारलं.

"शेखा, पाणी पी," खल्फान म्हणाला.

शपथ म्हणजे शपथ. हमूदने छातीवर हात ठेवला, मान लववली आणि मला स्वीकारलं. मी त्याचा झालो. पाहुण्यांदेखत झुवैना काय बोलणार? तिने मला उचललं आणि घासायला तळ्याच्या काठी खडकाआड नेलं. खल्फान पाण्याचा तांब्या घेऊन मागोमाग आला.

"शपथ कुणी घालायला सांगितली होती?" ती कुजबुजली.

"तोंडातून निघून गेली गं."

"तोंड तुमचं आणि टोप माझा!"

"उद्या बाजारातून नवा आणू. याहून मोठा. अडकणारसुद्धा नाही."

"नवा आणाल. त्यात भातही शिजेल." तिने मूठभर वाळू घेतली आणि माझं पोट घासू लागली. एरवी ती मला भराभर घासते. त्या दिवशी हात हळू फिरत होता. बाळाला शेवटची आंघोळ घालून परगावी धाडायचं असावं, तसा. "पण तो बोलेल का?" ती म्हणाली.

खल्फानला काही कळलं नाही. तो म्हणाला, "टोप कुठे बोलतो?" आणि निघून गेला.

झुवैनाही गेल्यावर थोड्याच वेळाने त्याच खडकाआड मौझा आणि हमूद आले. मी तिथेच उन्हात वाळत पालथा पडलो होतो.

"घरात आधीच भांड्यांची चळत आहे," मौझा तिच्या मते कुजबुजत होती, बकऱ्या दचकल्या. "त्यात हे धूड! कल्हई कोण करणार याला? तुमची दाढी?"

"मी फक्त छान म्हटलं. मला काय ठाऊक, तो शपथ घालेल!"

"तर मग परत द्या."

"शपथेवर दिलेलं परत? तो बिचारा जन्मभर मान वर करणार नाही."

पाहिलंत? चार माणसं. दोघांना द्यायचा नव्हता, दोघांना घ्यायचा नव्हता, आणि तरी मी निघालो होतो! सभ्यपणा भांड्यात मावत नाही तेव्हा असा उतू जातो. हसू येत होतं, पण आत कुठेतरी कल्हईला तडा गेल्यासारखंही वाटत होतं. मौझाच्या घरी मी माळ्यावर बसणार. माझ्याजवळ कान कुणी आणणार नाही. आणि झुवैना? तिला तिच्या आईचा आवाज कुठे सापडणार?

आता एकच आधार होता: कॉफी. जेवण झालं की कॉफी होते. पाहुण्याला पुरे झालं की तो रिकामी वाटी दोन बोटांत धरून हलवतो. हमूदने वाटी हलवली की बैठक मोडणार आणि मी गाडीत चढणार. झुवैनाने खल्फानच्या कानात सांगितलं, "ओतत राहा. थांबलात तर बघा." खल्फान ओतू लागला.

ती मौझाशेजारी जाऊन बसली. दिलेली वस्तू परत मागता येत नाही. पण टोप आता मौझाचा होता, आणि दुसऱ्याच्या वस्तूला चांगलं म्हणायला कुणाची बंदी आहे? फक्त तोंड उघडेना. ज्याला इतकी वर्षं दृष्टीच्या भीतीने चांगलं म्हटलं नाही, त्याला एकदम काय म्हणायचं? तिचे ओठ दोनदा हलले आणि मिटले. तिकडे हमूदची वाटी रिकामी झाली. खल्फानने घाईघाईने भरली.

मग तिने गाणं धरलं. आमच्या डोंगरातल्या बायका एकत्र बसल्या की कडव्याला कडवं जुळवतात. गाण्यातलं बोलणं कुणी मनाला लावून घेत नाही आणि गाण्यातल्या कौतुकाला दृष्ट लागत नाही. शेखाने टाळ्यांचा ठेका दिला आणि झुवैनाने पहिलं कडवं टाकलं:

*काळं गं त्याचं बूड, रात बिनचांदण्याची,*
*आत डोकावून बघ, पुनव गं कल्हईची.*

भिंतींनी ते उचललं आणि वर आभाळाच्या फितीपर्यंत नेलं. मौझाचे डोळे लकाकले. गाण्यात हार जाणारी ती नव्हे! तिने लगेच उत्तर दिलं:

*काळं गं त्याचं बूड, हात माझे की माखले,*
*धुऊन धुऊन बाई, तळं सारंच आटले!*

शेखा खदखदून हसली. मौझाचे दोघे मुलगे हसले. झुवैनाही हसली, आणि हसता हसता पुढचं टाकलं:

*पोट गं त्याचं मोठं, गेलं घळीत अडकून,*
*पाहुण्याच्या दारी बसे, हट्टी जावई होऊन.*

मौझाने मांडी थोपटली:

*असला गं जावई, खाई शेरभर लाकडं,*
*पोरीच्या बापाला त्यानं करावं गं वाकडं!*

आता पुरुषांच्या चटईवरही माना डोलू लागल्या. हमूदने वाटी उचलली. हलवणार, तोच त्याचं लक्ष गाण्याकडे गेलं आणि वाटी तशीच राहिली. खल्फान हातात कॉफीचं भांडं धरून ऐकत होता. आणि तेवढ्यात झुवैनाचा आवाज खाली आला. टाळी नको, म्हणून तिने शेखाचा हात हातात धरला.

*उकळी फुटते तेव्हा कसा गं गुणगुणतो,*
*माय नाही जिला, तिच्या मायेचा बोल होतो.*

या कडव्याला मौझाने उत्तर दिलं नाही. तिने झुवैनाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. ती उठली, खडकाजवळ आली, मी पालथा होतो, मला सुलटा केलं आणि माझ्यात डोकावली. तिचा गोल चेहरा माझ्या कल्हईत चंद्रासारखा उमटला. परत गेली, झुवैनाच्या शेजारी अगदी खेटून बसली आणि पहिल्यांदाच हळू आवाजात गायली:

*जिच्याशी बोलतो तो, तिच्या चुलीवर जावा,*
*माझ्या घरी मुका राहून, त्याने जन्म का काढावा?*

मग तिने मूळचा आवाज लावला, "अहो! ऐकलंत का? शेखाच्या आईला आपला टोप आवडलाय!"

हमूदचा चेहरा असा उजळला, जणू ईदचा चंद्र पुन्हा दिसला. "आवडला? मग त्यांचाच आहे!"

"छे छे, तुम्हालाच लखलाभ," खल्फान म्हणाला.

मित्रांनो, सवय! नुसती सवय! झुवैनाने त्याच्याकडे असं पाहिलं की चुलीतल्या निखाऱ्यांनी मान खाली घातली.

"तुमचाच आहे हो," हमूद म्हणाला.

"नाही हो, असं कसं..."

"घ्याच. तुमचाच!"

आणि काय सांगू! खल्फानची छाती फुगली. उजवा हात वर जाऊ लागला. "अल्लाची श..."

झुवैना दोन चटया ओलांडून कधी आली ते कुणाला दिसलंच नाही. तिने परातीतला एक मोठा खजूर उचलला आणि उघडलेल्या तोंडात बियासकट कोंबला.

"खा," ती गोड आवाजात म्हणाली. "शेखाचे बाबा, खजूर खा. सकाळपासून दमलात."

खल्फानने डोळे विस्फारले. तो चावू लागला. चावणाऱ्याला शपथ घालता येत नाही.

"गप्प बसले!" हमूद घाईघाईने ओरडला. "गप्प बसणं म्हणजे कबूल! सगळे साक्षी!" आणि त्याने कॉफीची वाटी इतक्या जोरात हलवली की उरलेले दोन थेंब मुलाच्या टोपीवर उडाले.

"पण बाबांनी शपथ घातलीय ना," शेखा म्हणाली, "की टोप आजोबांच्या गाडीतून जाईल?"

या मुलीला पाणी पाजून भागत नाही. हमूदने दाढी कुरवाळली, बराच वेळ कुरवाळली.

"जाईल ना," तो म्हणाला. "माझ्याच गाडीतून जाईल. तुमच्या दारापर्यंत."

अशी माझी वरात निघाली. त्या दोघा मुलांनी मला अरुंद जागेतून पुन्हा हिसडून काढलं, हमूदच्या गाडीच्या हौद्यात नीट चटईवर बसवलं, आणि पुढे खल्फानची गाडी, मागे आमची. खल्फानची गाडी तिसऱ्यांदा टेकली तेव्हा हमूदच्या मुलांनी ढकलली आणि झुवैना पहिल्यांदाच बसून राहिली.

दारात मला उतरवलं. पाहुण्यांनी आत येऊन खजूर खाल्ले, पुन्हा कॉफी झाली, पुन्हा "काय खबर" आणि "काही खबर नाही" झालं. निघताना मौझाने झुवैनाला पोटाशी धरलं आणि सांगितलं, "पुढच्या ईदला आमच्याकडे. टोप आणू नकोस. माझ्याकडे भांडी बरीच आहेत, त्यांतलं एखादं चुकून आवडून घे." गाडी गेली. संध्याकाळची अजान झाली.

झुवैना स्वयंपाकघरात मला फडक्याने पुसत होती. खल्फान दारात येऊन उभा राहिला. आत आला नाही, बाहेरही गेला नाही.

"तुझं गाणं ऐकलं मी," तो म्हणाला.

"कान आहेत वाटतं. मला वाटलं, नुसतं तोंडच दिलंय."

"आईंचा आवाज येतो त्यातून, हे तू कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

तो थोडा वेळ चौकटीवरचा रंग नखाने खरवडत राहिला. मग म्हणाला, "भात छान झाला होता."

झुवैनाने दचकून छताकडे पाहिलं. "हळू! दृष्ट लागेल. माशाल्ला म्हणा आधी!"

"माशाल्ला," खल्फान म्हणाला. "आजचाही छान होता. ईदच्या दिवशीचाही. आणि लग्नानंतर पहिला केला होतास ना, लिंबू जास्त पडलेला, तोसुद्धा."

"पुरे आता," ती म्हणाली. पण ती माझी एकच बाजू पुसत राहिली. ती केव्हाच कोरडी झाली होती.

मित्रांनो, त्या दिवसापासून मी माळ्यावर गेलो नाही. चुलीशेजारच्या फळीवर असतो. तुमच्याही घरात असं एखादं भांडं असेल, काळं पडलेलं, पोचे आलेलं. असं एखादं माणूसही असेल. त्यांना अधूनमधून जवळ घ्या, कान लावा, आणि बरं वाटलं की तोंडाने म्हणा. ते दुसऱ्याच्या गाडीत चढेपर्यंत थांबू नका.

फक्त म्हणताना समोर एखादा पाहुणा बसलेला नाही ना, तेवढं बघून घ्या.